हवा तीनदा काढली, पण ती आली कुठून?

प्रश्न : माझी २००२ ची मारुती झेन आहे, वडिलांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही. दोन-तीन महिने झाले ब्रेक स्पंजी लागतोय, पॅडलवर पाय ठेवला की गादीवर ठेवल्यागत वाटतं, दोन-तीनदा पंप मारला की मग जरा धरतो. गॅरेजमध्ये तीनदा ब्रेकच्या लाईनीतली हवा काढून घेतली, दरवेळी आठ दिवस मस्त आणि परत तेच. आता ते म्हणतायत बूस्टर बदला. मागच्या महिन्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो तर शेवटच्या वळणांवर पॅडल पार खाली जायला लागलं, साखरप्यात चहाला थांबलो, अर्ध्या तासानं परत होतं तसं झालं. घरचे आता गाडीत बसायला तयार नाहीत. २०१९ च्या पुरात गाडी दोन दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात होती, त्याचा काही संबंध असेल का? – एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यात आधी हे, की काम होईपर्यंत ही गाडी घाटात तर नाहीच, गावातसुद्धा काढू नका, घरचे घाबरलेत ते बरोबरच आहे. आणि बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणाऱ्या डब्याला, हात लावू नका. बूस्टर गेला की पॅडल दगडासारखं कडक होतं, पायात सगळा जोर काढावा लागतो, तुमचं तर उलटं आहे, मऊ आहे. तरी खात्री पाहिजे तर इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पॅडल दाबा, मग दाबून धरूनच गाडी चालू करा, पॅडल पायाखाली किंचित खाली सरकलं म्हणजे बूस्टर काम करतोय.

आता मुख्य मुद्दा. ब्रेकची लाईन, म्हणजे पॅडलचा दाब चाकापर्यंत नेणारी ऑइलची नळी, बंद असते, तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. तीनदा हवा काढली आणि तीनदा परत आली म्हणजे कुठूनतरी ती आत येतेय, आणि जिथनं हवा आत येते तिथनं बहुतेक ऑइलपण बाहेर जातं. ते भोक शोधायचं सोडून नुसती हवा काढत बसलं तर चौथ्यांदापण तेच होणार.

पुराचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलाय, मी असतो तर पहिला लिहिला असता. निम्मं चाक पाण्यात म्हणजे मागचे ड्रम पाण्यात. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर असतो, तो ऑइलच्या दाबानं ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या, आणि पंचगंगेचं ते गाळाचं पाणी टोपीच्या कडेनं आत शिरलं की सिलिंडरला हळूहळू गंज धरतो, बारीक खड्डे पडतात, आणि मग सील कितीही नवीन घाला ते त्या खड्ड्यावर बसत नाही. हे लगेच कळत नाही, वर्षं जातात. माझ्या काकांच्या गाडीला असंच झालं होतं, बाहेरनं बघितलं तर ड्रम एकदम कोरडा, चाकाला ऑइलचा थेंब नाही. ड्रम काढला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोपीची कड नुसती उचलली तर आतनं चहाच्या रंगाचं ऑइल टपकन बोटावर आलं, सोबत गंजाची पूड. त्या थेंबासाठी काकांनी चार महिने गॅरेजच्या फेऱ्या मारल्या होत्या! तेव्हा तुमच्याकडे पहिलं काम हेच, दोन्ही मागचे ड्रम उघडून टोप्या उचलून बघा. ओल दिसली तर नुसतं सीलचं किट टाकून भागवू नका, व्हील सिलिंडर दोन्ही बाजूचे नवीन घाला. लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीवर, ऑइल उतरलं असेल तर लायनरपण गेले, पेट्रोलनं धुऊन परत लावतात काही जण, तसं करू देऊ नका.

ड्रम उघडायच्या आधी मात्र पायानं थोडी तपासणी करून घ्या, फुकटची आहे. गाडी सपाटीवर उभी, इंजिन चालू, पॅडल मध्यम जोरानं दाबून एक मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठं ओल नाही, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर, आतल्या आत ऑइल सोडतोय. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूनं बूस्टरच्या आत गळत असेल तर तेपण बाहेर दिसत नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल मात्र कमी होत राहतं, त्याचे दोन नट सोडून जरा पुढं ओढून मागं बोट फिरवायला सांगा. दुसरी तपासणी, पंप मारल्यावर पॅडल वर येतं ते कसं येतं? वर येऊन घट्ट लागलं तर हवा नसेल, मागचे शू ड्रमपासून लांब राहिले असतील, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर गंजून जाम झाला की असं होतं. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पॅडल दाबून बघा, लगेच उंच आणि घट्ट लागलं तर नक्की तेच. पण वर येऊनसुद्धा स्प्रिंगसारखं मऊच राहिलं तर लाईनीत हवा किंवा होज पाईप फुगतोय. पुढच्या चाकाचं रबरी होज मुठीत हलकं धरा आणि दुसऱ्याला पॅडल दाबायला सांगा, हाताला फुगल्याचं कळलं किंवा वरनं बारीक तडे दिसले तर बदला. वीस वर्षांचे होज तसेही बदलावेतच असं माझं मत आहे.

आंबा घाटात झालं ते वेगळं दुखणं आहे, आणि जास्त धोक्याचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा, त्यातलं डॉट ३ ऑइल नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, ओल मुरली की तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सलग ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की पुढच्या डिस्कची उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कला चिमट्यात धरणाऱ्या भागातल्या, ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पॅडल खाली. साखरप्यात अर्धा तास थांबल्यावर वाफ निवली आणि ब्रेक परत आला. तो आला म्हणून बरा झाला असं समजू नका. तीनदा हवा काढली तेव्हा ऑइल पूर्ण बदललं की वरनं नुसतं भरलं, हे विचारा. टाकीच्या झाकणावर लिहिलेला डॉट नंबर बघून सीलबंद डबा आणा, गॅरेजच्या कोपऱ्यात महिनाभर उघडा असलेला चालणार नाही, आणि इथनं पुढं दर दोन वर्षांनी बदला.

हवा काढताना समोर उभे राहा. साधारण मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या गाड्यांत मागचं डावं, काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो तो मॅन्युअलमध्ये मिळेल. निप्पलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं, एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल सोडून परत आवळायचं, आवळल्याशिवाय पॅडलवरचा पाय काढायचा नाही. टाकी मध्येच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. आणि जुन्या गाडीला पॅडल पार तळापर्यंत दाबायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात इतकी वर्षं पिस्टन गेलाच नाही तिथं घाण बसलेली असते, तिच्यावरनं सील घासलं की चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातो. कॅलिपर कधी काढले असतील तर निप्पल वरच्या अंगाला आहे ना ते बघा, डावा-उजवा अदलाबदल झाला तर निप्पल खाली येतो आणि हवा वरच अडकते, कितीही काढा. ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं.

सगळं झाल्यावर पहाटे मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडनं चार-पाच ब्रेक मारून बघा. मग जोतिबाचा उतार. तिथं पॅडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं तर मग आंबा, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा.

प्रश्न : ब्रेक ऑइल थोडं कमी दिसलं, घरात इंजिन ऑइलचा डबा होता, त्यातलं थोडं टाकलं तर चालेल का? – एक वाचक, कागल

उत्तर : अजिबात नाही, एक चमचासुद्धा नाही. ब्रेकमधले रबर इंजिन ऑइलमध्ये फुगून मऊ होतात, ब्रेक जाम तरी होतो नाहीतर जातो तरी. टाकलं असेल तर गाडी चालूच करू नका, ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्या, पूर्ण लाईन धुऊन मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरचे सील, होज, सगळं रबर बदलावं लागेल. नसेल टाकलं तर आधी पॅड बघा, पॅड झिजले की ऑइलची पातळी थोडी खाली येते, तेवढं साधं आहे. पॅड जाड असून पातळी उतरत असेल तर कुठंतरी गळतंय, वरचं उत्तर तुम्हालाही लागू.