सकाळी गाडी सुरू केली की इंजिनचा बेल्ट किंचाळतो. बेल्टवर मारायचा स्प्रे वापरू का?

नको, स्प्रेने आवाज थोडे दिवस दबेल, पण चिकट थरावर धूळ बसून बेल्ट आणखी लवकर जाईल. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीने थोडं साधं पाणी उडवा (हात, बाह्या, ओढणी लांब!). आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकलाय. क्षणभर थांबून परत आला तर बहुधा एखादी पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) रेषेत नाही. बेल्ट बनवणारेही हीच चाचणी सांगतात. भेगा, काचेसारखी चकाकी किंवा ऑइल-कूलंटचे डाग दिसले तर बेल्ट बदलाच, आणि गळतीही शोधा. मात्र किंचाळण्याऐवजी घरघर येत असेल तर बेअरिंग तपासा. तिथे नवा बेल्ट टाकून उपयोग नाही.