मंगोलिया आणि चीन यांचा मंगोल वारसा एकच, मग त्याने संबंध सुधारतात की बिघडतात?

दोन्ही, पण माझ्या मते ताणच जास्त. ‘उर्तीन दू’ हे लांब आळवलेलं गाणं दोघांनी मिळून युनेस्कोकडे नेलं, 2005 साली मान्यता मिळाली. मात्र एकाच गळ्यातून दोन सूर काढणाऱ्या ‘खूमी’ची नोंद 2009 मध्ये चीनने एकट्यानेच करून घेतली. मंगोलियात नाराजी उमटली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली वेगळी नोंद केली. (सातबारा एक, दावेदार दोन!) खरी गोम अशी, की मंगोल लोक मंगोलियापेक्षा चीनच्या इनर मंगोलियात जास्त आहेत.

तिबेटी बौद्ध धर्म हाही त्याच वारशाचा भाग. 2016 साली दलाई लामा मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला गेले, तर चीनने कर्जाची बोलणी थांबवली. मंगोलियाच्या कोळसा-तांब्याचं मोठं गिऱ्हाईक चीनच. मंगोलियाला नमतं घ्यावं लागलं.