निकालाची कॉपी कधी मिळाली ते आधी बघा

ताई, तुमच्या भावाला सेशन्स कोर्टाने ७ वर्षांची शिक्षा दिली, वकिलांनी हायकोर्टात अपील टाकतो म्हणून वकीलपत्रावर सही घेतली, आणि आता दीड वर्षाने कळतंय की अपील दाखलच नाही. त्यात कोणीतरी सांगितलं की अटक बेकायदा होती, डायरेक्ट हेबियस कॉर्पस टाका, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडवायची पिटीशन. असे प्रश्न सारखे येतात, नाव आणि कलम तेवढं बदलतं.

हेबियस कॉर्पसचा नाद सोडा. भाऊ आता कोर्टाच्या निकालाखाली आत आहे आणि त्या पिटीशनमध्ये हायकोर्ट निकाल बरोबर का चूक हे तपासत नाही. कोर्टाला केस चालवायचा अधिकारच नसेल, किंवा शिक्षा भोगून झाली तरी सोडत नसतील तर गोष्ट वेगळी, तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. अटकेतली गडबड अपिलात जरूर मांडा, पण नुसत्या तेवढ्यावर शिक्षा जाणं अवघड.

तुमचं सगळं अडलंय मुदतीवर. हायकोर्टात अपिलाला ६० दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. त्या नकलेवर, म्हणजे निकालाच्या सर्टिफाइड कॉपीवर, शिक्का असतो, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. तुम्ही अख्ख्या केसची हकिकत लिहिलीत आणि या तारखा तेवढ्या राहिल्या!

आता अपिलासोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज लागणार. तो मंजूर झाल्याशिवाय अपील पुढे सरकत नाही आणि शिक्षा स्थगिती (अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवणं), जामीन हे सगळं त्याच्या मागे अडकतं. 'वकिलाने फसवलं' एवढ्या एका ओळीवर भागत नाही, पैसे कधी दिले, फोन कधी केले, ते काय म्हणाले, मेसेज, पावत्या, सगळं तारीखवार अफिडेव्हिटमध्ये हवं. राग मानू नका, पण दीड वर्षात एकदा तरी अपिलाचा नंबर मागायला हवा होता, हायकोर्टाच्या वेबसाइटवर नावाने केस फुकट शोधता येते.

माणूस आत असेल तर कोर्ट विलंबाकडे सहसा नरमाईने बघतं, खात्री मात्र मी देणार नाही. स्थगिती मिळेल का, ते पुरावा वाचल्याशिवाय सांगता येत नाही. पण हायकोर्टात अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात, सुनावणी येईपर्यंत शिक्षाच संपायची, हे ठरावीक मुदतीच्या शिक्षेत वकिलाने ठासून मांडायलाच पाहिजे.

नवा वकील परवडत नसेल तर भावाला जेलमधूनच अपील देता येतं, सुपरिंटेंडेंटकडे दिलं की ते कोर्टात पाठवतात, विलंब माफीचा अर्ज त्यालाही जोडा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जुन्या वकिलाची बार कौन्सिलकडे (वकिलांवर कारवाई करणारी संस्था) तक्रार नंतर करा, आधी त्यांच्याकडून केसचे कागद ताब्यात घ्या.