निळ्या बादलीतली कोंबडी

प्रश्न : आमच्या गल्लीतला चिकनवाला कलेजी, पेटा, पाय, मुंड्या जवळजवळ फुकट देतो. लॅब्रॅडॉरला मी ते दोन शिट्ट्या करून भातात घालते. मुलगा म्हणतो, पाकिटातलं खाणं आण. पण त्या पाकिटावर ‘चिकन बाय-प्रॉडक्ट मील’ असं छापलंय. म्हणजे दुकानातला कचराच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, कोंबडी साफ केली की जिवंत वजनाचा पाव हिस्सा तरी बाजूला पडतो. तो कचरा आपल्या लेखी. कुत्र्याला लेगपीसचं कौतुक नसतं. कलेजीत त्याला लोह मिळतं, ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं. आपण टाकलेलं त्यानं खाल्लं, तर त्याच्यासाठी वेगळी कोंबडी वाढवायला नको. नाहीतर हाच माल नाल्यात जातो आणि वर घारी घिरट्या घालतात.

‘मील’ म्हणजे हे सगळं दळून, शिजवून, त्यातलं पाणी आणि चरबी काढून केलेली भुकटी. पिसं त्यात धरत नाहीत; ती नुसती शिजवून पचत नाहीत. भुकटी कशी निघेल ते माल किती ताजा होता त्यावर. तुमच्या चिकनवाल्याकडेही हेच बघा. दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या निळ्या बादलीतलं काही घेऊ नका. सकाळी, तुमच्यासमोर कापलेलं घ्या. आतडी नकोच.

आता दोन शिट्ट्यांचं. त्यात हाड शिजतं, पण विरघळत नाही, त्याच्या टोकदार कपच्या होतात. चार दिवस शी न झालेला एक कुत्रा माझ्याकडे आणला होता. हातमोजा घालून बोटानं हाडाचा चुरा काढावा लागला. तो कळवळत होता, मालकीणबाई रडत होत्या. म्हणून पाय-मुंड्या शिजवा, सगळी हाडं वेचून टाका आणि तो चिकट रस्सा भातावर घाला. कांदा-लसूण अजिबात नको.

पण हाडं काढली की कॅल्शियमही गेलं. कलेजी-पेटा-भातावर कुत्रा वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. कलेजी रोज वाटीभर दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं. आठवड्यातून दोनदा, दोन बोटांएवढा तुकडा पुरे.

तेव्हा मुलाला पाकीट आणू दे. त्यावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं बघून घ्या, आणि वरून तुमचा रस्सा डावभर.