वाचकांचे प्रश्न : सहा-सात सेकंदांचा खर्च

प्रश्न : कॅनडात राहणारा माझा भाचा यांत्रिक करवतीच्या शर्यतींत उतरायचे म्हणतो. हा नाद कितीसा खर्चिक आहे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : या शर्यतींत यांत्रिक करवतीने ओंडक्याच्या चकत्या कमीत कमी वेळात कापायच्या असतात. त्यांतील ‘स्टॉक सॉ’ या प्रकारात सर्वांची करवत कारखान्यातून आली तशीच, सारखी असल्यामुळे तेथे खर्चापेक्षा हाताचा सराव महत्त्वाचा ठरतो. खरा पैसा जिरतो तो ‘हॉट सॉ’ या दुसऱ्या प्रकारात. त्यात अनेक स्पर्धक बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइलसारख्या वाहनाचे एक-सिलिंडर इंजिन करवतीला बसवून घेतात. तिचे वजन पंचवीस किलोंच्या पुढे आणि लाकूड कापणाऱ्या दातेरी साखळीचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटरपर्यंत जातो. अशी करवत दुकानात मिळत नाही, ती जाणकाराकडून घडवून घ्यावी लागते आणि तिची साखळी दात न् दात हाताने घासावी लागते. एवढे करून ४६ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याच्या तीन चकत्या कसलेला गडी सहा-सात सेकंदांत कापतो. मात्र इशारा होईपर्यंत इंजिन बंद असते, आणि ते दोरीच्या पहिल्या ओढीत सुरू झाले नाही, तर सारी मेहनत तेथेच वाया जाते. शिवाय सरावाचे लाकूड प्रत्येक वेळी नवे लागते, हा खर्च नवखे हमखास विसरतात. भाच्याने आधी ‘स्टॉक सॉ’वर दोन हंगाम काढावेत.