डिचोली–पणजी रोज: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेऊ की होंडा हायनेस सीबी३५०?

रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, वर पावसाळा, तर मी हायनेस घेईन.

कागदावर दोन्ही जवळपास सारख्याच. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसी, टॉर्क (ओढण्याची ताकद) २७ न्यूटन मीटर. होंडाचं ३४८ सीसी, टॉर्क ३०. पण खरा फरक वजनात आहे. क्लासिक १९५ किलो, हायनेस १८१. चौदा किलो ऐकायला किरकोळ वाटतात, पण पावसात फेरीबोटीच्या ओल्या रॅम्पवर गाडी सावरताना किंवा पणजीच्या मार्केटात दोन स्कूटरांच्या मधून ती मागे ओढून काढताना कळतं. होंडाला असिस्ट-स्लिपर क्लच आहे, त्यातल्या असिस्टमुळे क्लच हलका लागतो. म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये डावा हात दुआ देतो. टाकी १५ लिटरची, क्लासिकची १३.

क्लासिक कुणी घ्यावी? ज्याला तो धडधडाट हवा, रविवारी चोर्ला घाटात निवांत जायचं आहे, आणि गावच्या मेकॅनिककडेच काम करून घ्यायचं आहे. एनफिल्डच्याच बुलेटवर हात बसलेले मिस्त्री आपल्याकडे कुठेही भेटतात. होंडाची ही गाडी मात्र बिगविंग या होंडाच्या मोठ्या बाइकांच्या वेगळ्या शोरूममध्येच मिळते, म्हणून सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब पडतं ते आधी बघा.

दोन्ही ३५० सीसीच्या आत, त्यामुळे सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्केच. जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवीन मागा.

आणि कुठलीही घ्या, खाऱ्या हवेत क्रोमला गंज चढतो. क्लासिकला क्रोम जास्त, पुसायला वेळ आहे ना?