वाचकांचे प्रश्न : लवकर गेला म्हणून मोठा झाला का?

प्रश्न : माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला सांगलीला आला की दिवसभर निक ड्रेक नावाच्या एका इंग्लिश गायकाची गाणी लावून बसतो, आणि म्हणतो काका, असा माणूस परत झाला नाही. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, सुराचं थोडंफार कळतं, म्हणून मीपण ऐकलं, स्कूटरवरून मिरजेला जाताना कानात घालून. मला तर तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं वाटलं, सगळी गाणी सारखीच. चौकशी केली तर कळलं २६ व्या वर्षी गेला, तीनच रेकॉर्ड. मग खरं सांगा, हे कौतुक गाण्याचं आहे की लवकर गेला त्याचं?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका (पुतण्या म्हणतो म्हणून मीही म्हणते), प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी स्वतः बरीच वर्षं तुमच्याच बाजूने होते. आता नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकते, निक ड्रेकचं नाव झालं ते योग्यच झालं, पण लोक ज्या कारणासाठी त्याला डोक्यावर घेतात ते कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आधी लवकर जाण्याचं बघू. जन्म १९४८, ब्रह्मदेशात रंगून इथं, वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर. पुढे वाढला इंग्लंडातल्या एका खेड्यात, केंब्रिजला शिकायला गेला आणि शिक्षण अर्धवट सोडलं. पहिली रेकॉर्ड ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ १९६९ ची, ‘ब्रायटर लेटर’ १९७१, ‘पिंक मून’ १९७२. त्या वेळी एकेका रेकॉर्डच्या पाच हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत असं सांगतात. डिप्रेशनने बेजार झाला होता, नोव्हेंबर १९७४ मध्ये आईवडिलांच्या घरीच गेला. आता बघा, मरण हेच जर प्रसिद्धीचं कारण असतं तर १९७५ सालीच दुकानांत रांगा लागायला हव्या होत्या ना? तसं काही झालं नाही. १९७९ मध्ये सगळी गाणी एकत्र करून एक बॉक्स-सेट (एका खोक्यात सगळ्या रेकॉर्ड) काढला, तोही थोड्याच लोकांनी घेतला. मग कुणीतरी कॅसेट भरून मित्राला दिली, त्याने आणखी कुणाला दिली, असं हळूहळू वीस-पंचवीस वर्षं चाललं, आणि १९९९ च्या शेवटी अमेरिकेत मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ हे गाणं वाजलं तेव्हा कुठे आम पब्लिकला कळलं. पंचवीस वर्षं कुणी नुसत्या हळहळीवर काढत नाही हो. हळहळ दोन-चार वर्षांत विरून जाते.

यात एका माणसाचे उपकार आहेत, त्याचा निर्माता जो बॉइड. त्याने आपली कंपनी विकली तेव्हा अट घातली की या मुलाच्या रेकॉर्ड बाजारातून काढायच्या नाहीत. ती अट नसती तर आज तुमच्या पुतण्याला काही सापडलं नसतं.

आणि आपल्याकडचंच उदाहरण घ्या. गायक द. वि. पलुस्कर, वडील कुरुंदवाडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच, १९५५ मध्ये गेले तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचे. त्यांचं भजन ऐकताना तुम्ही कधी मनात आणता का, की बिचारे लवकर गेले म्हणून गोड लागतंय? नाही ना, आधी सूर लागतो आणि मग वय आठवून चुटपुट लागते, हाच क्रम बरोबर आहे. निक ड्रेकच्या बाबतीत लोक उलटा क्रम लावतात, आधी त्याची करुण गोष्ट वाचतात, मग गाणं ऐकतात, आणि प्रत्येक ओळीत त्यांना मरण दिसायला लागतं. ते मला अजिबात पटत नाही. ‘रिव्हर मॅन’ बांधलं तेव्हा तो वीस-एकवीसचा पोरगा होता, हाताशी गिटार आणि डोक्यात नुसत्या चाली.

तेच गाणं घ्या आता, पण स्कूटरवर नाही. त्याचा आवाज मुळात दबका, श्वासावर ठेवलेला, शब्दांची टोकं गिळणारा, त्यात सांगली-मिरज रस्त्यावरचे हॉर्न म्हटल्यावर पुटपुटच ऐकू येणार, त्यात तुमची चूक नाही. रात्री सगळे झोपले की घरात बसून ऐका आणि मांडीवर मात्रा मोजा. पाच येतील. इंग्लिश गाणी बहुतेक चाराची असतात, हे पाचाचं आहे, म्हणजे आपला अर्धा झपताल म्हणा, खंड तसेच पडतील असं नाही पण मात्रा पाचच. त्या पाचांवर गिटार अखंड फिरत राहते आणि गाणारा मात्र समेची घाई न करता मागून येतो, कधी ओळ उशिरा उचलतो, कधी पुढच्या आवर्तनात सोडून देतो. भजनात पेटी धरणाऱ्या माणसाला हे किती अवघड आहे ते मी सांगायला नको, आणि इथं हात आणि गळा दोन्ही एकाच माणसाचे!

दुसरी गोष्ट त्याच्या गिटार लावण्याची, आणि माझ्या मते खरा दागिना हाच. तो गिटारच्या तारा बऱ्याचदा नेहमीसारख्या लावायचा नाही, गाण्यागणिक वेगळ्या लावायचा (स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये इतका वेळ तारा पिळत बसायचा की लोक कंटाळायचे, कार्यक्रम फारसे न होण्याचं तेही एक कारण). ‘पिंक मून’साठी लावलेल्या सहा तारा सरगममध्ये मांडल्या तर खालून वर असं येतं : सा प सा म सा ग. हे मला कळलं तेव्हा मी उठून बसले होते. आपल्या तंबोऱ्यात एक तर पंचम लावतात नाहीतर मध्यम, इथं दोन्ही आहेत आणि वर गंधार, म्हणजे बोट न ठेवता नुसत्या तारा छेडल्या तरी एक रंग आधीच तयार. मिरजेत सतारमेकर गल्लीत मी एकदा तंबोरा घ्यायला गेले होते, तिथले कारागीर जवारीचा दोरा (तारेखालचा, घुमारा आणणारा) इतकासा सरकवायचे, कान लावायचे, परत सरकवायचे, अर्धा तास एका तारेवर. निक ड्रेकच्या गिटारमध्ये मला तो अर्धा तास ऐकू येतो. अंगठा खालच्या तारांवर एका वजनात चालतो, बाकीची बोटं वर काय वाटेल ते करतात आणि एकही स्वर घासत नाही.

तो बुजरा होता, मुलाखत म्हणावी तर एकच सापडते, पण गाण्याच्या बाबतीत बुजरा नव्हता हं. पहिल्या रेकॉर्डला कंपनीने अनुभवी माणूस दिला होता व्हायोलिन-चेलोचं संयोजन करायला, याने ते नाकारलं आणि कॉलेजातला मित्र रॉबर्ट कर्बी याला आणलं, ज्याने आधी कधी रेकॉर्डसाठी काम केलंच नव्हतं. आणि ते संयोजन आजही ताजं वाटतं. फक्त ‘रिव्हर मॅन’चं काम कर्बीने सोडलं, ते हॅरी रॉबिन्सन नावाच्या जाणत्या माणसाने केलं.

आता तुमच्या बाजूने. सगळंच थोर आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दुसरी रेकॉर्ड मला जड होते, सॅक्सोफोन, बासरी, मागे कोरस, साध्या भाकरीवर कुणी केक-क्रीम लावावं तसं, त्यातलं ‘नॉर्दर्न स्काय’ मात्र सोडू नका. शब्दांचं म्हणाल तर कॉलेजच्या वहीतली कविता असते तसे चंद्र, झाड, नदी, पाऊस बरेचदा नुसतेच येऊन जातात. आणि भावनेचा आवाका लहान आहे, राग नाही, थट्टा अगदी कमी, म्हणून सलग ऐकलं की सारखंच वाटतं, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण आवाका लहान म्हणजे काम लहान असं नाही. बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींचीच आहे. ‘पिंक मून’ अख्खी रेकॉर्ड २८ मिनिटांची, ११ गाणी, ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत केलेली, स्टुडिओत तो आणि रेकॉर्डिंग करणारा जॉन वुड दोघंच, गिटार आणि गळा, एका गाण्यात वरून थोडासा पियानो, तोही त्याचाच.

पुतण्याला एक नक्की सांगा, दुःखामुळे गाणं आलं असं समजू नकोस म्हणावं. १९७४ मध्ये तो शेवटचा रेकॉर्डिंगला आला तेव्हा त्याला गाणं आणि गिटार एकत्र जमेना, आधी वाजवून घेतलं आणि मग वेगळं गायला. ज्या हाताचं मी इतकं वर्णन केलं त्याच हाताचं आजाराने हे केलं. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

जमलं तर त्याच्या आईची, मॉली ड्रेकची गाणीपण ऐका, घरच्या घरी पियानोवर केलेली, बऱ्याच वर्षांनी बाहेर आली. चालीची वळणं पोराकडे कुठून आली ते लगेच कळतं.

प्रश्न : ताई, मी गिटार शिकतेय. निक ड्रेकचं ‘पिंक मून’ नेहमीच्या ट्यूनिंगवर वाजवलं तर चालेल का?
एक वाचक, तासगाव

उत्तर : वाजेल, पण तो आवाज येणार नाही, उघड्या तारांचा घुमारा जातो. सगळ्यात जाड तार चार स्वर (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून) खाली सोड, त्यापुढच्या तीन तारा प्रत्येकी दोन-दोन खाली, जाडीकडून मोजत पाचवी तार मात्र एक स्वर वर चढवायचीय, ती हळू चढव आणि तार जुनी असेल तर आधी बदल, नाहीतर तुटून हाताला लागेल. शेवटची आहे तशी. मग गिटारच्या दुसऱ्या घरावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. पहिले आठ दिवस डावा हात लावूच नकोस, नुसता उजवा अंगठा चालव.